पोव्हेत्किनच्या सगळ्या लढती बघायला बॉक्सिंगचं पेड ॲप घेतलं, पैसे वसूल झाले का? (मोठा रिव्ह्यू आहे, निवांत वाचा)

बॉक्सिंगच्या जुन्या-नव्या लढती दाखवणारं एक पेड ॲप मी सध्या वापरतोय. नाव मुद्दाम देत नाहीये, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि ब्रँडवरून भांडणं नकोत. असं कुठलंही ॲप घेताना आत काय काय तपासायचं एवढं कळलं तरी पुष्कळ. घेतलं ते एकाच माणसासाठी, अलेक्झांडर पोव्हेत्किन. रशियाचा हेवीवेट, कुर्स्क गावचा, जन्म १९७९ चा, तिकडे त्याला रशियन वित्याझ म्हणायचे म्हणजे जुन्या कथांमधला रशियन योद्धा. आपल्याकडे बॉक्सिंग बघणाऱ्यांना टायसन, होलीफिल्ड माहीत असतात, क्लिच्को बंधू माहीत असतात, हल्लीची पोरं जोशुआ आणि फ्युरी बघतात, पण या माणसाचं नाव काढलं की बहुतेकांना एकच क्लिप आठवते, डिलियन व्हाइट या ब्रिटिश हेवीवेटला आडवा केला ती. माझं म्हणणं असं की त्या एका ठोशामागे वीसेक वर्षांची तालीम आहे आणि ती ओळीने बघितली तरच तो ठोसा कळतो.

ॲप उघडून त्याचं नाव टाकलं की सगळ्यात वर काय येतं? तीच व्हाइटची लढत. त्याखाली जोशुआ, मग क्लिच्को, मग दोनतीन नॉकआउटची गाठोडी बांधलेली. म्हणजे जिथे दुसऱ्याचं नाव मोठं त्याच लढती वर. आणि डोक्याला ताप म्हणजे व्हिडिओच्या चित्रातच कोण पडलाय ते दिसतं! अरे, जुनी लढत असली म्हणून काय झालं, ज्याला निकाल माहीत नाही त्याची मजा का घालवता? तारखेप्रमाणे लावायची सोय शोधली तर सापडेना, शेवटी मी कागदावर यादी काढली आणि त्याप्रमाणे एकेक शोधून बघितल्या.

यादीच्या सुरुवातीलाच पहिला मोठा खड्डा. हौशी बॉक्सिंग या ॲपवर शून्य. हे मला सगळ्यात जास्त खटकलं कारण पोव्हेत्किन घडला तो तिथेच. किकबॉक्सिंगमधून आलेला पोरगा, २००२ ला युरोपियन चॅम्पियन, २००३ ला बँकॉकमध्ये वर्ल्ड चॅम्पियन, २००४ ला पुन्हा युरोपियन आणि त्याच वर्षी अथेन्स ऑलिम्पिकचं सुवर्ण, ९१ किलोच्या वरच्या गटात. हौशी रेकॉर्ड १२५ विजय आणि ७ पराभव असं सांगतात. अथेन्स म्हटलं की आपल्याला राज्यवर्धन राठोडचं रौप्य आठवतं, आणि विजेंदरचं ते पहिलं ऑलिम्पिक होतं, लवकर बाहेर पडला बिचारा, पण त्याच रिंगमध्ये हा रशियन काय खेळत होता ते बघा. सेमीफायनलला समोर इटलीचा रॉबर्टो कामारेले, ज्याने पुढे २००८ ला बीजिंगमध्ये हेच सुवर्ण नेलं, इतका तगडा. त्याला याने पॉइंटवर हरवलं. आणि फायनल झालीच नाही! इजिप्तचा मोहम्मद अली (हो, नाव तेच) जखमी होता, उतरलाच नाही, सुवर्ण वॉकओव्हरने मिळालं. काही जण त्यावरून नाक मुरडतात, मला ते पटत नाही, कामारेलेला हरवलं तिथेच त्याने सुवर्णाची किंमत मोजली होती.

त्या काळचं हौशी बॉक्सिंग कसं होतं हे माहीत असलं की पुढचा पोव्हेत्किन कळतो. डोक्याला हेडगार्ड, दोन दोन मिनिटांचे चार राउंड, आणि पाच जज समोर बटणं घेऊन बसलेले. पाचातल्या तिघांनी जवळपास एकाच क्षणाला बटण दाबलं तरच पॉइंट. म्हणजे ठोसा नुसता जोरात लागून उपयोग नाही, तो तिघांना स्वच्छ दिसला पाहिजे, आणि वेळ कमी म्हणून हात सतत चालू पाहिजेत. हेवीवेट असून हातांचा वेग आणि एकापाठोपाठ एक ठोसे लावायची सवय त्याला इथून लागली. ही सगळी शिकवणी ॲपमध्ये नाही, ती बाहेर फुकटच्या व्हिडिओत शोधावी लागली, चित्र धुरकट, पण बघा नक्की.

प्रोफेशनल करिअर मात्र ॲपवर बऱ्यापैकी आहे. २००५ ला जर्मनीत पहिली लढत, जर्मन प्रमोटर झाउअरलँडकडे सही केलेली, आणि पहिला प्रतिस्पर्धी कोण तर मुहम्मद अली दुर्माझ. ऑलिम्पिकची फायनल एका मोहम्मद अलीमुळे हुकली आणि प्रो करिअर दुसऱ्या मुहम्मद अलीला पाडून सुरू झालं, असले योगायोग बॉक्सिंगमध्येच. सुरुवातीच्या लढती पळवत बघितल्या तरी चालतील. थांबायचं ते २००७ च्या ऑक्टोबरला, एरफुर्टमध्ये, ख्रिस बर्डपाशी. बर्ड माजी वर्ल्ड चॅम्पियन, डावखुरा, निसटण्यात उस्ताद, आणि याने त्याला कोपऱ्यात, दोरावर, जिथे मिळेल तिथे गाठून ११ व्या राउंडपर्यंत असं कुटलं की बर्डच्या कॉर्नरने, म्हणजे त्याच्याच ट्रेनर मंडळींनी, लढत थांबवली. तीनच महिन्यांनी, जानेवारी २००८ ला बर्लिनमध्ये एडी चेंबर्स. याला फास्ट एडी म्हणायचे ते उगाच नाही, पहिले काही राउंड तो पोव्हेत्किनला नुसता चकवत होता, पण हा बाबा थांबेचना, दाबत राहिला, दाबत राहिला, आणि सहाव्या-सातव्या राउंडनंतर चेंबर्सचे हातच सुटेनात. १२ राउंडनंतर एकमताने विजय. ही लढत मी सगळ्यांना बघायला सांगतो, यात ना नॉकआउट ना रक्त, पण समोरच्याची हवा कशी काढायची याचा पूर्ण धडा आहे. (या जुन्या लढतींना ॲपवर जर्मन कॉमेंट्री आहे, मला एक अक्षर कळत नाही, पण आवाज चालूच ठेवला कारण प्रेक्षकांचा गोंगाट पाहिजे.)

त्या विजयामुळे व्लादिमीर क्लिच्कोशी लढायचा हक्क मिळाला. डिसेंबर २००८ ठरलं, आणि ट्रेनिंगमध्ये पळताना पाय दुखावला, लढत गेली. त्याच्या जागी हसीम रहमान गेला आणि मार खाऊन आला. मग अमेरिकन ट्रेनर टेडी ॲटलस आला, तोच ज्याने लहान वयातल्या टायसनसोबत काम केलेलं. ॲटलसचं मत पडलं की अजून क्लिच्कोसाठी तयारी नाही, २०१० ला पुन्हा संधी सोडली. लोक खूप बोलले तेव्हा, पळपुटा म्हणाले. पुढे काय झालं ते बघता मला ॲटलसचं मत बरोबर वाटतं.

ऑगस्ट २०११ ला रुस्लान चगायेवला हरवून डब्ल्यूबीएचा (बॉक्सिंगच्या जागतिक संघटनांपैकी एक) बेल्ट आला. आता इथे नवख्या माणसाचा घोळ होतो, कारण ॲपवर सरळ वर्ल्ड चॅम्पियन लिहिलंय आणि तेव्हा क्लिच्को पण त्याच डब्ल्यूबीएचा सुपर चॅम्पियन होता. संघटना एक, चॅम्पियन दोन! पोव्हेत्किनचा होता तो रेग्युलर बेल्ट, म्हणजे सुपरच्या खालचा. ॲपवाल्यांनी एक ओळ लिहिली असती तर काय बिघडलं असतं? फेब्रुवारी २०१२ ची मार्को हकविरुद्धची लढत पण तशीच बघण्यासारखी, हक खालच्या वजनगटातून, क्रूझरवेटमधून वर आलेला आणि शेवटच्या राउंडांत पोव्हेत्किनची दमछाक स्पष्ट दिसते. एका जजने बरोबरी दिली, दोघांनी पोव्हेत्किनला. मी हकला एका राउंडने पुढे धरतो. ॲटलस तोवर सोडून गेला होता आणि त्याची उणीव त्या रात्री जाणवते.

मग ५ ऑक्टोबर २०१३, मॉस्को, ऑलिम्पिस्की हॉल. व्लादिमीर क्लिच्को.

ही लढत बघताना मला राग येतो आणि तरी मी ती पूर्ण बघायला सांगेन. पोव्हेत्किनची उंची १८८ सेंटिमीटर, क्लिच्को १९८. दहा सेंटिमीटर ऐकायला कमी वाटतं, रिंगमध्ये त्याचा अर्थ असा की बुटक्याला मारायला आत जावंच लागतं आणि आत जाताना दरवेळी लांब हाताचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, खावा लागतो. पोव्हेत्किन आत जायचा, वाकून, डोकं हलवत, बरोबर जायचा. आत पोचला की क्लिच्को त्याच्या मानेवर हात टाकून अख्खं वजन त्याच्या अंगावर सोडायचा, कवटाळायचा, ढकलायचा, खाली दाबायचा. रेफरी बघत राहिला. पोव्हेत्किन दुसऱ्या राउंडला एकदा पडला, सातव्यात तीनदा, ढकलाढकलीचा वाटा त्यात होताच. क्लिच्कोचा एक पॉइंट कापला तो थेट ११ व्या राउंडला, तेव्हा कापून काय उपयोग? तिन्ही जजचं कार्ड ११९-१०४. क्लिच्को जिंकलाच, त्यात वाद नाही, जॅब आणि डावा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) दोन्ही त्याचे सरस होते, पण ज्या पद्धतीने जिंकला ती मला आवडत नाही, आज बघितली तरी आवडत नाही. आणि पोव्हेत्किन? चार वेळा पडून बाराव्या राउंडच्या घंटेपर्यंत पुढेच चालत होता. एकदाही मागे सरकून जीव वाचवायचा खेळ केला नाही.

या पराभवानंतर संपेल असं वाटलेलं. झालं उलट, २०१४ आणि २०१५ ही त्याची सगळ्यात भारी वर्षं आणि ॲपचे पैसे माझ्या मते इथे वसूल होतात. मॅन्युएल चार (आडनावच चार) याला ७ व्या राउंडला संपवलं, कार्लोस टाकामला १० व्याला, मग माइक पेरेझला पहिल्याच राउंडला, दोन मिनिटं पण लागली नाहीत, मग मारियुश वाखला १२ व्याला. यातली टाकामची आधी लावा. टाकाम सुरुवातीला खरंच वरचढ होता, दणकट आफ्रिकन फ्रेंच गडी, आणि पोव्हेत्किन काय करतो बघा, डोक्याचा नाद सोडून पोटात मारायला लागतो, डावा हुक बरगडीखाली, राउंडमागून राउंड तेच. हळूहळू टाकामची कोपरं खाली यायला लागतात, पोट झाकायला. कोपर खाली आलं की हनुवटी उघडी. नवव्यात पाडला, दहाव्यात तोच डावा हुक वर, आणि खेळ खल्लास. स्लो मोशनची सोय ॲपवर आहे, तिचा उपयोग इथे करा, डाव्या पायाची टाच कशी फिरते आणि खांदा कसा मागून येतो ते दिसेल, ताकद सगळी तिथून येते. वाखची उंची २०२ सेंटिमीटर, म्हणजे क्लिच्कोपेक्षा उंच, आणि त्याला १२ राउंड तो असा फोडत होता जणू क्लिच्कोचा हिशोब याच्यावर काढतोय.

आता कडू भाग, आणि तो लिहिल्याशिवाय हा रिव्ह्यू अप्रामाणिक होईल. मे २०१६ ला मॉस्कोत डिऑन्टे वाइल्डरशी डब्ल्यूबीसी या दुसऱ्या संघटनेच्या बेल्टसाठी लढत ठरलेली. आठवडाभर आधी बातमी आली, पोव्हेत्किनच्या चाचणीत मेल्डोनियम सापडलं. तेच औषध ज्यात त्याच वर्षी टेनिसवाली शारापोव्हा अडकली, १ जानेवारी २०१६ पासून बंदी घातलेलं. लढत रद्द, प्रकरण न्यूयॉर्कच्या कोर्टात, आणि २०१७ ला तिथल्या ज्युरीने निकाल दिला की बंदीनंतर घेतलं होतं. तोवर डिसेंबर २०१६ ला दुसरी चाचणी सापडली होती, या वेळी ऑस्टारीन, स्नायू वाढवणारं बंदी असलेलं औषध, बर्मेन स्टिव्हर्नशी लढत होती, तो निघून गेला आणि ऐनवेळी जोहान दुओपा समोर उभा केला. पोव्हेत्किनने त्याला ६ व्या राउंडला नॉकआउट केलं आणि ॲपवर ही लढत नुसती धडाकेबाज नॉकआउट म्हणून लावलीय! प्रतिस्पर्धी का बदलला, बंदी काय, दंड काय, एक शब्द नाही. मी त्याचा चाहता आहे, तरी म्हणतो, हे चुकीचं आहे. बॉक्सिंगमध्ये समोरच्याच्या डोक्यावर ठोसे बसतात, औषध घेऊन मारलेला ठोसा कुणाचा जीव घेऊ शकतो. पैसे घेऊन इतिहास दाखवताय तर पूर्ण दाखवा. मी ॲपवाल्यांना मेल केलाय, उत्तर आलं ते छापील, तुमचा अभिप्राय महत्त्वाचा आहे वगैरे.

पुढच्या लढती भराभर सांगतो. मार्च २०१८ कार्डिफ, डेव्हिड प्राइसने तिसऱ्या राउंडला याला हलवून टाकलं, दोरावर पडला, पाचव्यात याने प्राइसला झोपवला. २२ सप्टेंबर २०१८ वेम्बली, अँथनी जोशुआ, आपल्याकडे रविवारची पहाट. पहिल्याच राउंडला अपरकटने, म्हणजे खालून वर मारलेल्या ठोशाने, जोशुआचं नाक रक्ताळलं, ३९ वर्षांचा पोव्हेत्किन पाच-सहा राउंड त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी तरुण चॅम्पियनला कोड्यात पाडत होता, आणि सातव्यात जोशुआचा उजवा लागला आणि मग सगळंच लागलं. वेळेआधी थांबलेला त्याचा हा पहिला पराभव. ॲपवर या लढतीचं चित्र एकदम झकास आहे, आवाज पण. २०१९ ची ह्युई फ्युरीवाली सोडली तरी चालेल, कंटाळवाणी आहे. मायकेल हंटरशी सौदीत झालेली बरोबरी बघा, वयानुसार पाय जड झालेत ते कळतं.

आणि २२ ऑगस्ट २०२०. कोरोनाचा काळ, इंग्लंडमध्ये ब्रेंटवूडला प्रमोटरच्या ऑफिसच्या बागेत रिंग लावलेली, प्रेक्षक नाहीत. त्यामुळे या लढतीत जे ऐकू येतं ते एरवी कधी येत नाही, बुटांचा करकर आवाज, कॉर्नरची ओरड, ग्लोव्ह पोटावर बसल्याचा दबका धप्प. हेडफोन लावूनच बघा. व्हाइट जड, तरुण, फॉर्मात. चौथ्या राउंडला त्याने पोव्हेत्किनला दोनदा पाडलं. दुसऱ्यांदा पडला तेव्हा मला वाटलं संपलं, वाढदिवसाला अकरा दिवस बाकी असलेला जवळजवळ ४१ वर्षांचा माणूस, कशाला उठेल? उठला. मिनिटभर स्टुलावर बसला. पाचवा राउंड सुरू होऊन अर्धं मिनिट झालं. आता इथे थांबवून, मागे घेऊन, हळू करून बघा: तो गुडघ्यात वाकून डावीकडे खाली जातो, अगदी तसाच जसा आयुष्यभर पोटातला हुक मारायला जायचा. व्हाइटला तेच वाटतं. आणि हात हुकसारखा बाजूने यायच्या ऐवजी दोन ग्लोव्हच्या मधून सरळ वर येतो, डावा अपरकट, हनुवटीवर. व्हाइट पाठीवर पडायच्या आधीच गेलेला होता. रेफरी मोजायला पण थांबला नाही. टाकामच्या बरगड्या, चेंबर्सला दाबणं, अथेन्सची ती हाताची सवय, सगळं त्या एका वाकण्यात आहे, म्हणून म्हणतो आधीच्या लढती बघून मग इथे या.

रिमॅच नोव्हेंबरला ठरलेली, त्याआधी पोव्हेत्किनला कोरोना झाला, हॉस्पिटलात होता. मार्च २०२१ ला जिब्राल्टरला लढला आणि पहिल्या राउंडपासून पाय लटपटत होते, चौथ्यात लढत थांबवली, हरला. ही लढत मी पुन्हा बघणार नाही. त्याच वर्षी जूनमध्ये निवृत्ती, ४० लढती, ३६ विजय, त्यात २५ नॉकआउट, ३ पराभव, १ बरोबरी.

ॲपबद्दल उरलेलं पटकन: फोनवर चांगलं चालतं, टीव्हीवर टाकलं की अधूनमधून आवाज पुढे-मागे होतो, बंद करून चालू केलं की ठीक. हिंदी किंवा मराठी कॉमेंट्री नाही. जुन्या लढतींमधल्या राउंडच्या मधला मिनिट बऱ्याच ठिकाणी कापलाय, हे मला अजिबात चालत नाही, कारण कॉर्नरमध्ये ट्रेनर काय सांगतो ते अर्धं शिक्षण असतं. महिन्याचा प्लॅन घ्या, वर्षाचा घेऊ नका, आणि घ्यायच्या आधी सर्चमध्ये तुमच्या आवडत्या बॉक्सरचं नाव टाकून किती लढती पूर्ण आहेत आणि किती नुसत्या हायलाइट्स आहेत ते मोजा, मोफत दिवस असतील तर तेवढ्यातच तपासा. पोव्हेत्किनच्या २००७ नंतरच्या बहुतेक मोठ्या लढती पूर्ण मिळाल्या म्हणून ५ पैकी साडेतीन स्टार देतो. एक स्टार हौशी करिअर गायब म्हणून कापला, अर्धा त्या डोपिंगवरच्या गप्प बसण्याचा. अथेन्सची सेमीफायनल टाकली तर पुढचा महिना रिन्यू करतो, आणि ज्यांना चेंबर्सची लढत सापडत नाहीये त्यांनी पोव्हेत्किनऐवजी एडी चेंबर्स टाकून शोधा, तिथे आहे.